कापण्यापूर्वी वाचावे : जुन्या पिकअपच्या केबिनला डोनर गाडीचा (सुटे भाग काढण्यासाठी कापलेल्या गाडीचा) पत्रा बसवणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"तुम्ही पाठवलेला पत्रा आमच्या गाडीला बसत नाही," हे वाक्य आम्हाला इतक्या वेळा ऐकावे लागते की, त्याचे उत्तर एकदा नीट लिहून प्रत्येक मालासोबत द्यावे, असे आम्ही ठरवले. परत आलेले बहुतेक तुकडे आम्ही त्याच बनावटीच्या दुसऱ्या धड केबिनवर लावून पाहिले आहेत आणि ते जुळले आहेत. तुकडा बरोबर होता. तो मागवल्यापासून हाती पडेपर्यंतच्या दिवसांत ग्राहकाची केबिन मात्र जागची हलली होती, कारण गंजलेला भाग आधीच कापून टाकलेला होता.

हे पत्रक ज्यांना ग्राइंडर आणि मिग वेल्डिंगची सवय आहे, अशा ग्राहकांसाठी आहे. वेल्डिंग कसे करावे, हे आम्ही येथे शिकवत नाही. ते कधी करावे आणि त्याआधी काय करावे, एवढेच सांगतो.

जुन्या पिकअपची केबिन चॅसिसवर रबरांच्या आधाराने बोल्टने बसवलेली असते. चॅसिस भक्कम असते म्हणून केबिन आपोआप सरळ राहील, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात दाराच्या चौकटीला आकार देणारी गोष्ट म्हणजे दाराखालची पेटी, जिला रॉकर म्हणतात, आणि तिला जोडलेला तळाचा पत्रा. बिजागरीचा खांब पुढे, लॅचचा (दाराच्या खटक्याचा) खांब मागे, वर छप्पर आणि खाली ही पेटी, अशी ती चौकट असते. पेटी कापली की चौकटीची खालची बाजू नाहीशी होते, दोन्ही खांब छपराला लोंबकळू लागतात आणि दार बिजागरीवर टांगलेले असेल तर त्याचे सगळे वजन पुढच्या खांबाला ओढत राहते. छपराजवळ हा फरक डोळ्यांना दिसतही नाही. खाली तो सहज बोटभर होतो. आमच्याच कार्यशाळेत सुरुवातीच्या काळात आम्ही एका केबिनच्या दोन्ही पेट्या एकाच दुपारी कापल्या होत्या आणि नवी पेटी वेल्ड करून झाल्यावर डावे दार लॅचला 14 मिलिमीटर खाली टेकत होते. ते वेल्डिंग पुन्हा कापून काढायला, मूळ काम करायला लागला त्याच्या तिप्पट वेळ लागला. तेव्हापासून आमच्याकडे टेकू लावल्याशिवाय ग्राइंडर सुरू होत नाही.

गंज आधी कापून टाकण्याचा मोह का होतो, हे आम्हाला समजते. पेटी आतून गंजत येते. दारातून आणि काचेच्या रबरातून उतरलेले पाणी व चिखल तिच्या पोटात साठतात, निचऱ्याची भोके बुजतात आणि बाहेर पहिला पोपडा दिसेपर्यंत आतला पत्रा कागदासारखा झालेला असतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे दोन पत्र्यांच्या जोडात तो वाढला की जोड फुगून उघडतो. असा भाग पाहिला की हात शिवशिवतात. परंतु तो सडका, चाळण झालेला पत्राही चौकट धरून ठेवण्याचे काम अजून थोडेफार करत असतो आणि नवा तुकडा नेमका कोठे, किती वाकलेला व किती उंचीवर बसवायचा, याचा एकमेव पुरावाही तोच असतो.

म्हणून आमची विनंती अशी आहे की, आमचा तुकडा हातात पडेपर्यंत आपल्या गाडीचा पत्रा कापू नये. कापल्यावरही जुना तुकडा भंगारात टाकू नये. त्यावरील क्लिपांची भोके, घडीची रेषा, पायपुसण्याच्या पट्टीचे स्क्रू या सगळ्यांची जागा त्यावरूनच कळते. ज्या ग्राहकांनी जुना तुकडा आधीच टाकून दिलेला असतो ते आम्हाला भोकाचे माप पाठवतात. भोकाच्या मापावरून तुकडा कापता येत नाही. भोकाची कड कोठून कोठे आली, हे सांगणारा काहीच संदर्भ त्यात उरलेला नसतो.

आता क्रम. गाडी सपाट जमिनीवर घ्यावी आणि घोड्या (गाडी उचलून धरणारे स्टँड) लावायच्याच असतील तर त्या ॲक्सलखाली लावाव्यात, म्हणजे चॅसिसवर वजन नेहमीसारखे राहील. चॅसिसच्या मधोमध उचललेल्या गाडीवर घेतलेली मापे चाकांवर उतरल्यावर बदलतात. त्यानंतर केबिनची रबरे पाहावीत. ती दबलेली, चिरलेली असतील तर आधी ती बदलावीत. दाराच्या फटी आधी जुळवून, नंतर नवी रबरे घातली की सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो, हे अनुभवी माणसेही विसरतात. तिसरी गोष्ट बिजागरीच्या पिनांची. दाराचे मागचे टोक हाताने उचलून पाहावे. ते हलत असेल तर पिन झिजलेली आहे आणि दार खाली बसण्याचा दोष पेटीचा नसून पिनेचा आहे. (पिना आणि रबरे आमच्याकडे मिळतात, पण ती कोठूनही घेतली तरी चालेल, पत्रा कापण्यापूर्वी बदलली म्हणजे झाले.)

ही तयारी झाल्यावर दार बंद करून चारही बाजूंच्या फटी जुळवाव्यात आणि मगच टेकू लावावेत. साधारण 25 मिलिमीटरचा चौकोनी पाईप पुरतो. प्रत्येक दाराच्या चौकटीत बिजागरीच्या खांबापासून लॅचच्या खांबापर्यंत दोन आडवे टेकू, एक तिरका आणि डाव्या खांबापासून उजव्या खांबापर्यंत केबिनच्या रुंदीत एक, इतके किमान हवेत. टेकू खांबांच्या आतल्या बाजूला लावावेत, म्हणजे ते जागेवर असतानाच दार बंद करून पाहता येते. हा मुद्दा किरकोळ वाटतो, पण चौकटीच्या मधोमध टेकू ठोकलेल्या ग्राहकाला काम संपेपर्यंत दार लावून पाहता येत नाही आणि चूक कळते तेव्हा उशीर झालेला असतो. टेकू लागल्यावर चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून खांबावरच मार्करने लिहून ठेवावेत. कागदावर लिहिलेली मापे हरवतात.

टेकू वेल्ड करण्यापूर्वी सीटच्या मागे पाहावे. शेव्हर्लेच्या 1967 ते 1972 या काळातील पिकअपमध्ये आणि त्याच सुमाराच्या फोर्ड एफ-100 मध्ये पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, सीटमागे असते. ती टाकी, तिची नळी आणि भरण्याचे तोंड बाहेर काढून गाडीपासून दूर नेल्याशिवाय केबिनमध्ये ग्राइंडरही लावू नये. टाकी रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. रिकाम्या टाकीतील वाफ पेट्रोलपेक्षा लवकर पेट घेते.

पत्रा कोठे कापायचा, हे डोळ्यांनी न ठरवता टोच्याने ठरवावे. टोच्या जेथे आत घुसत नाही आणि हातोडीचा आवाज खणखणीत येतो, तेथून आणखी 25 मिलिमीटर पुढे रेषा आखावी. आमच्या तुकड्याला चारही बाजूंनी किमान 50 मिलिमीटर जास्तीचा पत्रा आम्ही मुद्दाम ठेवतो. "इतका पत्रा फुकट का पाठवता, त्याचे वजन आमच्या वाहतूक खर्चात येते," अशी तक्रार आम्ही ऐकतो आणि ती चुकीचीही नाही. पण गंज नेहमी ग्राहकाने कळवलेल्या मापाच्या थोडा पुढेच गेलेला असतो आणि 20 मिलिमीटर कमी पडलेला तुकडा पुन्हा मागवण्यापेक्षा जास्तीचा पत्रा कापून टाकणे स्वस्त पडते. आमचा तुकडा जुन्या पत्र्यावर ठेवून, क्लॅम्पने आवळून, दार बंद करून फट पाहावी. फट जमली की दोन्ही पत्रे एकत्र कापावेत किंवा तुकड्याच्या कडेने रेघ ओढून तिच्यावरून जुना पत्रा कापावा. मधली फट वेल्डिंगच्या वायरच्या जाडीच्या आसपास राहिली की बट वेल्डिंग (कडेला कड लावून केलेला जोड) चांगले होते. एका वेळी एकच बाजू करावी; डावी पेटी पूर्ण बसल्याशिवाय उजवीला हात लावू नये.

वेल्डिंगबद्दल एवढेच, की या गाड्यांचा पत्रा सुमारे 0.9 ते 1.2 मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याला 0.6 मिलिमीटरची वायर सोयीची पडते. टाके 25 ते 30 मिलिमीटर अंतरावर, एक या टोकाला आणि दुसरा त्या टोकाला, असे मारावेत आणि प्रत्येक टाका हात लावण्याइतका थंड होऊ द्यावा. सलग वेल्डिंग ओढले की सांधा थंड होताना आकसतो आणि सपाट पत्रा डब्यासारखा टकटक वाजू लागतो. मग तो लांबीने (पुट्टीने) भरावा लागतो आणि दोन वर्षांनी तीच लांबी पोपडा होऊन बाहेर येते. कारखान्यात जेथे स्पॉट वेल्डिंग होते, तेथे आम्ही डोनर गाडीचा जोड 8 मिलिमीटरच्या कटरने उकलतो. त्यामुळे आलेली भोके भरू नयेत. तीच प्लग वेल्डिंगसाठी, म्हणजे भोकातून खालचा पत्रा वेल्ड करण्यासाठी, वापरावीत. दोन पत्रे एकमेकांवर येणार असतील तेथे आधी वेल्डिंगसाठीचा जस्ताचा प्रायमर लावावा, वेल्डिंग करताना त्याच्या धुरात श्वास घेऊ नये आणि सगळे झाल्यावर पेटीच्या पोटात मेण फवारावे. निचऱ्याची भोके मात्र उघडी ठेवावीत. नवी पेटी बसवून तिची भोके सीलंटने नेटकेपणाने बुजवणारे ग्राहक आम्हाला काही वर्षांनी पुन्हा भेटतात. धंद्याला ते बरे असले, तरी सांगणे आमचे कर्तव्य आहे.

आमचे तुकडे जुन्या रंगासकट, क्वचित वरवरच्या गंजासकट का येतात, असेही विचारले जाते. रंग जागेवर असला की कोठे पूर्वी लांबी भरली होती, कोठे पत्रा ठोकून सरळ केला होता, हे आपल्याला दिसते. वाळूचा मारा करून प्रायमर फासलेल्या तुकड्यात ते झाकले जाते, शिवाय जोराच्या माऱ्याने मोठा सपाट पत्रा फुगतोही. आम्ही लांबी असलेला भाग विकत नाही, आणि तसे म्हणण्यापेक्षा रंग न काढता पाठवणे हा अधिक खरा पुरावा आहे. त्या काळातील रंगांत शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासून धूळ उडवू नये. छोटे ब्रॅकेट आणि बोल्ट धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात विजेने स्वच्छ करणाऱ्यांनी दुसरा ध्रुव साध्या लोखंडाचा घ्यावा, स्टेनलेसचा घेऊ नये, कारण त्यातून क्रोमियमचे विषारी संयुग पाण्यात उतरते. ते काम मोकळ्या हवेत करावे.

मागणी नोंदवताना केवळ वर्ष कळवणे पुरेसे नसते. शेव्हर्लेने 1955 साल चालू असताना मध्येच नवी पिकअप बाजारात आणली, त्यामुळे "1955 चे दार" म्हणजे दोन अगदी वेगळी दारे होऊ शकतात. फोर्ड एफ-100 च्या 1956 च्या केबिनला वळलेली पुढची काच आहे. 1953 ते 1955 च्या केबिनचा काचेभोवतीचा भाग तिला चालत नाही. फोर्डच्या 1961 ते 1963 च्या काही पिकअपमध्ये केबिन आणि हौदा एकसंध आहेत. अशा गाडीच्या मागच्या कोपऱ्यासाठी वेगळ्या हौद्याच्या गाडीचा कोपरा मागवू नये. शेव्हर्लेच्या अर्ध्या टनी, दोन चाकांना चालना असलेल्या गाडीत 1971 पासून चाकाला सहाऐवजी पाच बोल्ट आले, म्हणून ॲक्सल किंवा ड्रम मागवताना बोल्ट मोजून सांगावेत. डोनर गाडीची चॅसिस क्रमांकाची पट्टी आम्ही कोणालाही देत नाही. ती ज्या चॅसिसची, त्याच चॅसिसची राहते.

तुकडा कापून लहान केल्यावर आम्ही तो परत घेत नाही, आणि हा नियम का आहे, ते वर आलेच आहे. न कापलेला तुकडा मात्र क्लॅम्पने लावून पाहिल्यावर जुळला नाही, तर आम्ही तो बिनतक्रार बदलून देतो. पेटी, कोपरा आणि खांबाचे खालचे टोक अशी तिन्ही ठिकाणे सडली असतील, तर तीन तुकडे वेगवेगळे जोडण्यापेक्षा एकाच डोनर केबिनमधून खांबासकट कापलेला सलग भाग घेणे सोपे जाते, कारण त्यातील कोन कारखान्यातूनच बरोबर आलेले असतात. असा भाग आम्ही टेकू लावूनच कापतो आणि टेकूसकट पाठवतो.

मागणीसोबत चार फोटो पाठवावेत : दार बंद असताना बाहेरून, दार उघडून पेटीचा वरचा भाग, चटई काढून तळाचा पत्रा आणि खालून केबिनचे रबर. प्रत्येक फोटोत मोजण्याची फीत धरलेली असावी आणि फिती­वरचे आकडे वाचता यावेत. दोन्ही दारांच्या चौकटींचे कर्ण टेकू लावल्यावर मोजून कळवावेत. ते आकडे आल्यावरच आम्ही डोनर केबिनवर रेषा आखतो.