रोजचं घरगुती गणित वर्कबुक (बेळगाव सीमाभाग)

घरी रोज दहा-पंधरा मिनिटं, एक पान किंवा फार तर दोन, बालवाडीपासून साधारण तिसरीपर्यंतच्या पोराला झेपेल असं गणित जवळ बसून सोडवून घ्यायचं, याला बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात कोणी वर्कबुक म्हणतं, कोणी सरावाची वही, आणि आजी-आजोबांच्या तोंडी अजून उजळणीच असते. मोजणी, लहान-मोठं, शंभरापर्यंतचे आकडे, दशक-एकक, साधी बेरीज-वजाबाकी, आकार, घड्याळ, पैसे एवढाच याचा आवाका, गुणाकार अगदी शेवटी. शाळेचा होमवर्क वेगळा, ट्युशन वेगळी.

आयडिया तशी जुनीच. पूर्वी तिन्हीसांजेला दिवा लावला की शुभंकरोति आणि मग परवचा, त्यात बे एके बे पासून पावकी, निमकी, पाऊणकी, अडीचकीपर्यंत सगळं रोज म्हणायचं, लिहायला पाटी आणि बघायला अंकलिपी. कागदावरच्या रोजच्या सरावाचं जगभर नाव झालं ते जपानमुळे, तिथं १९५४ साली तोरू कुमोन नावाच्या हायस्कूलमधल्या गणित शिक्षकानं दुसरीतल्या आपल्या मुलासाठी रोजची पानं हातानं लिहायला घेतली आणि पुढं त्याचे क्लासेस निघाले. आता रोज थोडंथोडंच का, तर एका बैठकीत घोटलेलं लवकर उडतं आणि तेच चार दिवसांत वाटून केलं तर टिकतं, हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये मांडलं होतं. त्यामुळे रविवारी दोन तास बसवून आठवड्याची पानं एकदम उरकायची जी पद्धत बऱ्याच घरांत चालते तिचा फारसा उपयोग नाही, वर पोरगं वैतागतं ते वेगळंच.

सीमाभागातली खरी डोकेदुखी म्हणजे आकडे बोलायचे कसे. मराठीत त्रेपन्न म्हणताना तीन आधी ऐकू येतो आणि पन्नास मागून, म्हणून पोरगं ऐकल्या क्रमानं ३५ लिहून मोकळं होतं. एकोणतीस तर त्याहून अवघड, कानावर तीस पडतं आणि लिहायचे असतात दोन आणि नऊ, मग वहीत ३९ उमटतात. एकोणनव्वदपर्यंत हा एकोणचा नियम कसाबसा पचनी पडला की नव्याण्णव येऊन तोही मोडतो. कन्नडमध्ये मात्र ऐवत्तमूरु, पन्नास आधी आणि तीन नंतर, ज्या क्रमानं लिहायचं त्याच क्रमानं बोलायचं, आणि बाजारात, बसमध्ये, गल्लीतल्या पोरांत हे इथल्या मराठी पोराच्या कानावर असतंच. इंग्लिश मीडियमला घातलं असेल तर फिफ्टी थ्री पण आलं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीसऐवजी वीस एक, वीस दोन असं वाचायची पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रात केवढा गोंधळ झाला, ते पुस्तक करणाऱ्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या, आणि मुलं जोडाक्षरांत आणि उलट्या क्रमात अडकतात हेच त्यांचं म्हणणं होतं. बेळगावच्या मराठी शाळांत कर्नाटक सरकारची मराठी माध्यमाची पुस्तकं चालतात म्हणून तो वाद इथं थेट लागला नाही, अडचण मात्र घरोघरी तीच.

यावर घरात चालणारा सोपा उपाय म्हणजे दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी. पान उघडायच्या आधी "त्रेपन्न रुपये दे बघू" म्हणायचं, पोरानं पाच नोटा डावीकडं ठेवायच्या, तीन नाणी उजवीकडं, आणि मगच नोटांखाली ५ आणि नाण्यांखाली ३ लिहायचं. त्यावेळी तोंडानं कन्नड आलं, इंग्लिश आलं तरी रागवू नये, उलट तेच त्रेपन्न पुन्हा मराठीत म्हणून घ्यावं.

हीच गोष्ट वजाबाकीची. थेट ७ - ४ चं पान दिलं की पोरगं बोटं मोजत बसतं. सात चिंचोके घ्यायचे, पोराला डोळे मिटायला लावून काही वाटीखाली झाकायचे, बाहेर चार दिसतायत तर आत किती? पहिल्यांदा ते वाटी उचलायलाच धावतं, दोन-तीन दिवसांनी बाहेरचे मोजून पुढं पाच, सहा, सात असं म्हणतं, आणि एक दिवस न मोजताच "तीन" म्हणून वाटी उचलतं. त्या दिवशी पान काढलं तर दोन मिनिटांत होतं. माझ्या मते ज्या वर्कबुकात नुसत्या रांगांवर रांगा उदाहरणं आहेत ते घेऊच नये, चित्रं, रिकामे चौकोन आणि पैसे असलेलं बघावं.

बाजारात मिळणाऱ्या वर्कबुकांत अजून एक भानगड, मराठी पुस्तकात मराठी आकडे असतात आणि इंग्लिश, कन्नड पुस्तकांत इंग्रजी आकडे. आपला १ आणि इंग्रजीतला नऊ लहान पोराला सारखाच दिसतो, त्यामुळे चूक गणिताची आहे की आकडा वाचायची हे आधी तोंडी विचारून बघायचं. कर्नाटकातल्या सरकारी कन्नड शाळांत पहिली ते तिसरी नली-कली नावाची शिकवायची पद्धत चालते, म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात १९९५ च्या सुमारास सुरू झालेली, त्यात कार्डं घेऊन प्रत्येक पोर आपापल्या गतीनं पुढं जातं, तिथं शिकणाऱ्याला घरी वर्गातल्या धड्याशी जुळवत बसायची गरज पडत नाही. केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान २०२१ मध्ये आलं, त्यातही तिसरीपर्यंत वाचन आणि पायाभूत गणित यावं हेच धरलंय.

तपासताना लाल पेन टाळलेलं बरं, चुकीच्या उत्तराला "हे कसं आलं सांग की" म्हणून विचारलं तर अर्ध्या वेळा पोरगं सांगता सांगता स्वतःच खोडतं. सुगीत, लग्नसराईत किंवा गणपतीत वही आठ-पंधरा दिवस बंद पडतेच, परत सुरू करताना थांबलेल्या पानापासून न करता चार-पाच पानं मागं जाऊन करावी, आणि पहिल्या दिवशी एकच.