देवमाशाच्या तेलात भिजलेला ताग

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, टे नदीच्या खाडीकाठी डंडी हे शहर आहे. तिथल्या थंडीत तागाचं रोप तग धरणार नाही. तरीही एकोणिसाव्या शतकात जगभरची पोती, तरटं आणि गालिच्यांचे अस्तर डंडीच्या गिरण्यांत विणलं जाई. हे कसं घडलं, याचं निम्मं उत्तर व्यापारात आहे आणि निम्मं रसायनशास्त्रात. दुसऱ्या निम्म्याबद्दल फार कमी बोललं जातं.

डंडी मुळात लिननचं गाव. जवसाच्या जातीच्या झाडांचे तंतू रशियाकडून येत आणि इथल्या चात्यांवर कातले जात. 1820च्या दशकात बंगालचा ताग स्वस्तात मिळू लागला, तेव्हा गिरणीवाल्यांनी तो त्याच यंत्रांवर चढवून पाहिला. धागा काही निघेना. तंतू कडाकडा तुटत, खाली भुसा पडे.

दोष तागाच्या घडणीत होता. हातात घेतलेला तागाचा तंतू दोन-तीन मीटर लांब दिसतो, पण तो सलग नसतो. जेमतेम दोन-तीन मिलिमीटर लांबीच्या असंख्य पेशी एकमेकींना चिकटून तो बनलेला असतो. त्यांना धरून ठेवतात लिग्निन आणि हेमिसेल्युलोज (पेशींच्या भिंतीतलं, पाणी शोषणारं द्रव्य). लिग्निन म्हणजे लाकडाला कणखरपणा देणारं द्रव्य. तागात ते साधारण दहा-बारा टक्के असतं, लिननच्या तंतूत मात्र अगदी थोडं. म्हणून लिननचा तंतू वाकतो आणि कोरडा ताग मोडतो.

तोड निघाली ती बंदरावरच. डंडीची जहाजं आर्क्टिकमध्ये देवमाशांच्या शिकारीला जात आणि त्यांच्या चरबीचं तेल घेऊन परतत. हे तेल आणि पाणी तागावर शिंपडून त्याचे ढीग काही काळ मुरत ठेवले, की तो मऊ पडे. पाणी हेमिसेल्युलोजमध्ये शिरून तंतू फुगवतं, त्याला लवचीक करतं. तेल ते पाणी लवकर उडू देत नाही आणि पिंजणयंत्राच्या दातांशी होणारं घर्षण कमी करतं. नुसतं पाणी वाळून जातं, नुसतं तेल आत पोचत नाही. दोन्ही एकत्र हवीत. 1830च्या दशकात हे तंत्र जमलं आणि यंत्रातून तागाचा पेळू अखंड निघू लागला.

मला यात सर्वांत विलक्षण वाटते ती वेळ. दिव्यांसाठी गॅस आल्यामुळे देवमाशाच्या तेलाचा बाजार उतरणीला लागला होता. इतर ब्रिटिश बंदरांतली शिकार आटत गेली. डंडीची टिकली, कारण तेलाला घरच्याच गिरण्यांत गिऱ्हाईक होतं. बर्फाशी झुंजणारी लाकडी जहाजं बांधण्याचं कसबही त्यामुळे शहरात राहिलं. कॅप्टन स्कॉटचं अंटार्क्टिकाला गेलेलं 'डिस्कव्हरी' 1901 साली इथेच पाण्यात उतरलं.

क्रिमियाच्या युद्धात रशियन माल अडला आणि तागाचं फावलं. पाठोपाठ अमेरिकेच्या यादवी युद्धाने मागणी आणखी वाढवली. लॉकी भागातल्या कॉक्स बंधूंच्या कँपरडाउन गिरणीत हजारो माणसं राबत. तिचं सुमारे 86 मीटर उंचीचं रंगीत विटांचं धुराडं आजही उभं आहे. कामगारांत बहुसंख्य बायका होत्या, कारण त्यांना मजुरी कमी द्यावी लागे. मागांच्या खडखडाटात शेजारणीचं बोलणं ऐकू येत नसे, म्हणून त्या हातवारे करत आणि ओठ वाचत. कित्येकींना कायमचं कमी ऐकू येऊ लागलं. छातीत तागाची धूळ जाई ती वेगळीच. डंडीच्या वैभवाची गोष्ट सांगताना हा हिशेब वगळणं मला अन्याय वाटतो.

पुढे हेच तंत्र उगमाकडे गेलं. 1855 साली कोलकात्याजवळ रिश्राला पहिली ताग गिरणी निघाली. यंत्रं डंडीची होती. कच्चा माल दाराशी, मजुरी त्याहून स्वस्त. शतक संपेपर्यंत हुगळीकाठाने डंडीला मागे टाकलं. डंडीतली शेवटची ताग कताई 1990च्या दशकाअखेरीस थांबली.

देवमाशाच्या तेलाची जागा दरम्यान खनिज तेलाने घेतली होती. आपल्या बाजारात नव्या गोणपाटाला रॉकेलसारखा वास येतो, तो बहुधा याच तेलाचा. त्यातले हायड्रोकार्बन धान्यात उतरू शकतात. म्हणून कॉफी, कोको आणि सोललेल्या कवचफळांच्या पोत्यांसाठी 1998 मध्ये वनस्पती तेलाचे आंतरराष्ट्रीय निकष ठरले, आणि अशा पोत्यांचा ताग आता भाताच्या कोंड्याच्या तेलातही मुरवतात.