पीट पॉसलथ्वेट

पीट पॉसलथ्वेट (७ फेब्रुवारी १९४६ – २ जानेवारी २०११) : ब्रिटिश रंगभूमी, दूरचित्रवाणी आणि चित्रपट यांतील चरित्र अभिनेता. जन्म वॉरिंग्टन, तेव्हाच्या लँकशर परगण्यात, कामगारवर्गातल्या कॅथलिक कुटुंबात. उंच गालफडे, बसके नाक, खोल डोळे असा त्याचा चेहरा नायकाच्या साच्यात कधीच बसला नाही. सुरुवातीलाच त्याला आडनाव बदलण्याचा सल्ला मिळाला, तो त्याने मानला नाही. चित्रपटात नाव झाले तेव्हा तो पंचेचाळिशी ओलांडून गेला होता. त्यामागे जवळजवळ वीस वर्षांचे नाटकाचे काम होते आणि पुढच्या प्रत्येक भूमिकेला त्याचाच आधार मिळाला.

तरुणपणी त्याने धर्मगुरू होण्याचा विचार केला होता. पुढे शिक्षकाचे प्रशिक्षण घेऊन त्याने शाळेत नाट्यविषय शिकवला आणि चोविसाव्या वर्षी ब्रिस्टल ओल्ड व्हिक थिएटर स्कूलमध्ये प्रवेश घेतला. बरोबरीच्या नटांच्या मानाने हे उशिरा होते. तिथून तो लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरमध्ये गेला. सत्तरच्या दशकातल्या या मंडळीत ज्यूली वॉल्टर्स, बिल नाई, जोनाथन प्राइस आणि अँटनी शेर होते. एका हंगामात एकाच संचाने अनेक नाटके करायची, आज म्हातारा तर पुढच्या नाटकात शिपाई, अशी इथली पद्धत होती. एव्हरीमनचा प्रेक्षक स्थानिक होता आणि बरीच नाटके त्याच शहराच्या प्रश्नांवर बेतलेली असत. मंडळीतला एक छोटा चमू व्हॅनमधून सामान नेऊन दारूच्या गुत्त्यांमध्येही प्रयोग करी. गिऱ्हाईक समोर ग्लास घेऊन बसलेले, कुठल्याही क्षणी पाठ फिरवायला मोकळे. अशा ठिकाणी उच्चार स्पष्ट नसेल किंवा वाक्य अर्धवट मनाने टाकले तर प्रयोग तिथेच पडतो. पॉसलथ्वेट पुढे कॅमेऱ्यासमोर अगदी हळू बोलला तरी त्याचा शब्द हरवत नाही, ते याच सवयीमुळे. नंतर रॉयल शेक्सपिअर कंपनीत त्याने बरीच कामे केली. १९८६ च्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये तो बॉटम हा विणकर झाला होता.

दूरचित्रवाणीवर तो आधी बीबीसीच्या एकेका नाटकातून दिसू लागला. चित्रपटातली त्याची पहिली मोठी ओळख म्हणजे टेरन्स डेव्हिस यांचा ‘डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्ज’ (१९८८). चाळीस-पन्नासच्या दशकांतल्या लिव्हरपूलमधला, घरच्यांना धाकात ठेवणारा, मारझोड करणारा बाप त्याने रंगवला. दिग्दर्शकाच्या स्वतःच्या वडिलांवर बेतलेले हे पात्र. या बापाला क्षमा मिळावी अशी धडपड नट कुठेही करत नाही आणि तो राक्षसही होत नाही. घोड्याला खरारा करताना गुणगुणणारा हाच माणूस आहे, हे पाहिल्यावर त्याचा राग जास्त भयानक वाटतो.

चरित्र अभिनेत्याच्या कामाला संकलनाच्या टेबलावरचा धोका कायम असतो. ‘एलियन ३’ (१९९२) मध्ये मुंडन केलेल्या कैद्यांचा मोठा घोळका आहे आणि बहुतेकांचे उच्चार इंग्लंडचे, त्यामुळे प्रेक्षकाला माणसे वेगळी ओळखणेच जड जाते. चित्रपटगृहात लागलेल्या आवृत्तीत या कैद्यांची पुष्कळ दृश्ये कापली गेली. २००३ मध्ये निघालेल्या लांब आवृत्तीत पॉसलथ्वेटचा कैदी डेव्हिड कुठे जरा नीट दिसतो. १९९२ च्याच ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’मध्येही तो लहान भूमिकेत होता. नायक होता डॅनिएल डे-लुईस, तोही ब्रिस्टल ओल्ड व्हिकच्याच शाळेचा.

त्या दोघांची खरी जोडी जमली ‘इन द नेम ऑफ द फादर’ (१९९३) मध्ये. ऑक्टोबर १९७४ च्या गिल्डफर्ड बाँबस्फोटांच्या प्रकरणात निरपराध असताना तुरुंगात गेलेल्या बेलफास्टच्या जेरी कॉनलनची आणि त्याचे वडील ज्युसेपे यांची ही कथा. ज्युसेपे १९८० मध्ये कैदेतच वारले. बापलेक एकाच कोठडीत राहतात ही पटकथेने घेतलेली मोकळीक आहे, प्रत्यक्षात तसे नव्हते. पण अभिनयासाठी तीच कोठडी कामी आली. डे-लुईस चिडतो, ओरडतो, भिंतीवर डोके आपटावे तसा वागतो. समोरचा बाप फुप्फुसाने अधू, त्यामुळे त्याच्याजवळ ओरडण्याइतका श्वासच नाही. पॉसलथ्वेटने सगळी भूमिका या श्वासावर तोलली आहे. तो वाक्य तोडून बोलतो, मध्ये थांबतो, आणि त्या थांबण्यात मुलाला उत्तर न सुचावे इतका ठामपणा येतो. दुबळा माणूस दृश्याचा ताबा घेतो तो असा. या कामासाठी त्याला सहायक अभिनेत्याचे ऑस्कर नामांकन मिळाले. पारितोषिक ‘द फ्युजिटिव्ह’साठी टॉमी ली जोन्स यांना गेले.

नामांकनानंतर साचेबंद भूमिकांचा फेरा सुरू होऊ शकतो. पॉसलथ्वेटच्या चेहऱ्यामुळे खलनायकांची रांग लागणे सहज शक्य होते. आयटीव्हीच्या ‘शार्प’ मालिकेतला सार्जंट ओबाडाया हेक्सविल (१९९४) हा तसा अस्सल खलनायकच. लहानपणी फासावर चढवूनही वाचलेला आणि त्यामुळे मान झटकत राहणारा हा माणूस ब्रिटिश प्रेक्षक अजून विसरलेले नाहीत. त्याच वर्षी बीबीसीच्या ‘मार्टिन चझलविट’मध्ये तो टिग हा भामटा झाला. ‘द युज्वल सस्पेक्ट्स’ (१९९५) मधला वकील कोबायाशी नावाने जपानी, पण बोलण्याचा ढंग कुठल्या देशाचा ते सांगता येऊ नये असा. ही विसंगती मुद्दाम ठेवलेली आहे. शेवट पाहिल्यावर तिचे कारण कळते.

‘ब्रास्ड ऑफ’ (१९९६, दिग्दर्शक मार्क हर्मन) ही त्याची सर्वांत जिवंत भूमिका मानावी लागेल. यॉर्कशरमधले ग्रिमली हे काल्पनिक गाव ग्रिमथॉर्पवर बेतलेले आहे. तिथल्या कोळसा खाणीच्या वाद्यवृंदाने ऑक्टोबर १९९२ मध्ये, खाण बंद होण्याची घोषणा झाल्यावर काही दिवसांतच, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये राष्ट्रीय स्पर्धा जिंकली होती. चित्रपटातले संगीत त्याच वृंदाने वाजवले. पॉसलथ्वेटचा डॅनी हा वृंदाचा संचालक. फुप्फुसात कोळशाची धूळ साठलेली, तरी तालमीला कुणी उशिरा आलेले त्याला खपत नाही. खाण राहील की जाईल या चिंतेत गाव असताना हा माणूस सुरांबद्दलच बोलतो. पॉसलथ्वेट त्याला प्रेमळ आजोबा करत नाही. त्याचा हट्ट घरच्यांनाही महाग पडतो, हे तो दिसू देतो. म्हणूनच इस्पितळातून उठून आलेला डॅनी अल्बर्ट हॉलमध्ये चषक नाकारतो, संगीत माणसांपेक्षा मोठे नाही असे म्हणतो, तेव्हा ते भाषण पोकळ वाटत नाही. त्याने आयुष्यभर मानलेली गोष्ट तो सर्वांसमोर मागे घेत असतो. या भाषणाचा तुकडा चुंबावांबा या बँडने ‘टबथंपिंग’ या गाण्याच्या अल्बममधल्या आवृत्तीला जोडला.

१९९७ मध्ये त्याने स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या दोन चित्रपटांत काम केले : ‘द लॉस्ट वर्ल्ड : जुरासिक पार्क’मधला शिकारी रोलंड टेंबो आणि ‘अ‍ॅमिस्टाड’मधला सरकारी वकील. तो जगातला सर्वोत्तम नट आहे, असे स्पीलबर्ग म्हणाल्याचे तेव्हा गाजले. तरी तो हॉलिवूडला स्थायिक झाला नाही, श्रॉपशरच्या ग्रामीण भागात राहिला आणि घरच्या पडद्यावर परतत राहिला. ‘लॉस्ट फॉर वर्ड्स’ (१९९९) मध्ये थोरा हर्ड यांनी रंगवलेल्या वृद्ध आईची काळजी घेणारा मुलगा त्याने केला आहे. हेक्सविल आणि हा मुलगा लागोपाठ पाहिले तर त्याचा आवाका कळतो.

२००४ मध्ये त्याला ओबीई हा ब्रिटिश किताब मिळाला. २००८ मध्ये लिव्हरपूल युरोपची सांस्कृतिक राजधानी असताना त्याने एव्हरीमनमध्येच रूपर्ट गूल्ड यांच्या दिग्दर्शनाखाली किंग लिअर केला. नाटक पुढे लंडनच्या यंग व्हिकमध्ये गेले. ‘द एज ऑफ स्टुपिड’ (२००९) या हवामानबदलावरच्या चित्रपटात तो २०५५ सालातला एकाकी दफ्तरदार आहे आणि जुनी दृश्ये पाहत बसतो. त्यांत भारतात स्वस्त विमानसेवा उभी करणारे जेह वाडिया यांचीही कथा आहे. केंटमधल्या किंग्सनॉर्थच्या नव्या कोळसा वीजकेंद्राला मंजुरी मिळाली तर किताब परत करीन, असे त्याने या चित्रपटाच्या पहिल्या खेळाच्या वेळी जाहीर केले होते.

स्वादुपिंडाच्या कर्करोगाने श्रूजबरी येथे त्याचे निधन झाले. त्याआधीच्या एका वर्षात, २०१० मध्ये, त्याचे तीन मोठे चित्रपट आले. ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’मध्ये तो मासेमारी करणारा कोळी आहे. ‘इन्सेप्शन’मध्ये अंथरुणाला खिळलेला उद्योगपती असून पडद्यावर जेमतेम काही मिनिटे दिसतो, पण त्याचा मुलाला उद्देशून उच्चारलेला एक शब्द साऱ्या कथानकाची कळ फिरवतो. ‘द टाउन’मधला बॉस्टनचा फुलवाला गुंड फुलांचे देठ छाटता छाटता धमकी देतो, या भूमिकेला मरणोत्तर बाफ्टा नामांकन मिळाले. ‘किलिंग बोनो’ (२०११) मध्ये आजारामुळे मूळ ठरलेली भूमिका झेपेना, तेव्हा निर्मात्यांनी त्याच्यासाठी घरमालकाचे वेगळे पात्र लिहून घेतले. तो चित्रपट त्याच्या मृत्यूनंतर प्रदर्शित झाला.