घरबसल्या पक्ष्यांना दाणापाणी आणि जवळून निरीक्षण

घराच्या खिडकीत, बाल्कनीत, गच्चीवर किंवा अंगणात दाणापाणी ठेवायचं, मोकळ्या पक्ष्यांना त्या जागेची सवय होऊ द्यायची आणि मग ते हातभर अंतरावर आले की निवांत बघत बसायचं, असा हा छंद. पिंजरा नाही, जाळं नाही, पक्षी मनात आलं की येणार आणि मनात आलं की भुर्र, ही यातली पहिली अट. पक्षीनिरीक्षण म्हटलं की लोकांना पहाटे उठून रानात जाणं, गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी असलं काहीतरी आठवतं, पण या छंदासाठी चप्पलसुद्धा घालावी लागत नाही. अमेरिकेच्या सरकारी पाहणीत 2016 साली 5 कोटींहून जास्त लोक घराजवळ पक्ष्यांना खायला ठेवतात असं दिसलं होतं, ब्रिटनमध्येही साधारण निम्म्या घरांतून हे चालतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. आपण दाणे ठेवले नाहीत तर बिचारे उपाशी मरतील असं आपल्याला वाटत असतं, पण बहुतेक वेळा तसं नसतं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये ब्रिटिंगहॅम आणि टेम्पल या दोन संशोधकांनी 1980 च्या दशकात चिकडी नावाच्या इवल्याशा पक्ष्यावर काम केलं. कडाक्याच्या हिवाळ्यात फीडर, म्हणजे दाणे ठेवायचं भांडं, मिळालेल्या चिकडींपैकी 69 टक्के जगल्या आणि न मिळालेल्यांपैकी 37 टक्के, म्हणजे फरक चांगलाच पडला. पण पुढे त्यांनी वर्षानुवर्षं चालू असलेले फीडर काढून घेऊन बघितले, तर त्या फीडरवाल्या चिकडी इतर रानातल्या चिकडींइतक्याच तगल्या, दाण्यांच्या भरवशावर बसून राहिल्या नाहीत. थोडक्यात, भयंकर थंडी सोडली तर दाणे हा पक्ष्याचा जोडधंदा असतो. आपण ते ठेवतो मुख्यतः आपल्याला बघायला मिळावं म्हणून, त्यात गैर काहीच नाही, फक्त मग त्यातून पक्ष्याला काही अपाय झाला तर त्याची जबाबदारीही आपलीच. एवढं डोक्यात पक्कं असलं की खालचे बरेचसे नियम वेगळे पाठ करायची गरज पडत नाही.

थोडा इतिहास

पक्ष्यांना दाणे टाकणं माणूस कधीपासून करतोय कुणास ठाऊक, पण छंद म्हणून ते घराघरांत पोचलं ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. ब्रिटनमध्ये 1890-91 चा हिवाळा फार वाईट गेला, वर्तमानपत्रांनी लोकांना पक्ष्यांसाठी खाणं बाहेर ठेवायचं आवाहन केलं आणि ती सवय टिकली. 1910 पर्यंत 'पंच' या तिथल्या विनोदी साप्ताहिकाने याला राष्ट्रीय विरंगुळाच म्हणून टाकलं होतं.

पक्ष्यांनी स्वतःहून सोय करून घेतल्याचा किस्सा याहून मजेदार आहे. 1921 मध्ये साउदॅम्प्टनजवळच्या स्वेथलिंगमध्ये दारात ठेवलेल्या दुधाच्या बाटल्यांची झाकणं फोडून वरची साय खाणारे टिट नावाचे छोटे पक्षी पहिल्यांदा नोंदले गेले, आणि 1940 चं दशक संपेपर्यंत ही युक्ती ब्रिटनभर पसरली. फिशर आणि हाइंड या संशोधकांनी 1949 मध्ये ठिकठिकाणच्या लोकांनी कळवलेल्या नोंदी गोळा करून ती कशी पसरली ते मांडलं, आणि प्राणी एकमेकांचं बघून कसे शिकतात या चर्चेत हे उदाहरण आजही निघतंच निघतं.

आणि लेन हॉवर्ड. ही बाई मुळात व्हायोला, म्हणजे व्हायोलिनसारखं वाद्य, वाजवणारी, लंडन सोडून ससेक्समध्ये डिचलिंगजवळ एका छोट्या घरात राहायला गेली आणि तिने खिडक्या पक्ष्यांसाठी उघड्याच ठेवल्या. ग्रेट टिट, म्हणजे टिटचीच एक जात, घरात येत, फर्निचरवर बसत, काही तर आतच झोपत. एकेका पक्ष्याला ती चेहऱ्यावरून, चालीवरून ओळखायची, 'स्टार' नावाच्या एका मादीला तिने चोचीने टकटक करून आकडे मोजायला शिकवलं होतं. पक्ष्यांना वेगवेगळे स्वभाव असतात असं ती छातीठोकपणे सांगायची आणि तेव्हाच्या शास्त्रज्ञांना ते जरा भाबडं वाटायचं, पण आता प्राण्यांचं व्यक्तिमत्त्व हा रीतसर अभ्यासाचा विषय आहे आणि त्यातलं कितीतरी काम नेमकं ग्रेट टिटवरच झालंय.

खाणं आणि पाणी

दाण्यांमध्ये काळ्या सालीच्या सूर्यफुलाच्या बियांना तोड नाही, साल पातळ, आत तेल भरपूर, लहान चोचीलाही फोडता येतात. बाजरी, राळा हे चिमण्या, मुनिया, होले यांना आवडतं, बारीक चोचीच्या फिंच नावाच्या छोट्या दाणेखाऊ पक्ष्यांना कारळे लागतात आणि त्यासाठी बारीक फटींचा वेगळा फीडर असतो. फळं खाणाऱ्यांना अर्धं कापलेलं फळ फांदीला खोचून द्यायचं. अमेरिका खंडांत हमिंगबर्डसाठी एक भाग साखर आणि चार भाग पाणी असं मिश्रण ठेवतात, त्यात मध घालायचा नाही कारण त्यात बुरशी पटकन धरते, आणि लाल रंगही घालायचा नाही, रंगासाठी फीडर लाल असला की भागतं.

खारवलेलं काहीही, चॉकलेट, अ‍ॅव्होकॅडो आणि दूध नको. ब्रेडने पोट भरतं पण अंगी लागत नाही. शेंगदाणे चालतात पण जुने, दमट नकोत कारण त्यावरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, आणि पिल्लांच्या हंगामात अख्खे तर नकोतच, घशात अडकतात. शिवाय दाणे खाणारे पक्षीसुद्धा बहुतेक करून पिल्लांना किडे, अळ्याच भरवतात, त्यामुळे झाडांवर कीटकनाशक मारून खाली फीडर टांगण्याला तसा काही अर्थ उरत नाही.

पाण्याचं महत्त्व लोकांना उशिरा कळतं. फीडरवर तेच ते दाणेखाऊ येतात, पण पाण्यावर कुणीही येतं, किडे खाणारे, फळं खाणारे, एरवी झाडाच्या शेंड्यावरून खाली न उतरणारेसुद्धा. एकच गोष्ट ठेवणं जमणार असेल तर माझं मत पाण्याला. भांडं उथळ हवं, दोन ते पाच सेंटिमीटर खोल, तळ खरबरीत, काठ उतरता. गुळगुळीत खोल बादलीत लहान पक्षी बुडून मरतात, असलंच तसं भांडं तर मधे दगड ठेवायचा. पाणी रोज बदललं तर उत्तमच, दोन-तीन दिवसांनी तरी बदलायलाच हवं, नाहीतर पक्ष्यांऐवजी डासांची सोय होते.

जागा

काच हा यातला सगळ्यात मोठा धोका आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. पक्ष्याला काच दिसत नाही, काचेत दिसणारं झाड आणि आकाश दिसतं आणि तो सरळ त्यात घुसतो. एकट्या अमेरिकेत इमारतींच्या काचांवर आदळून दरवर्षी 36.5 ते 98.8 कोटी पक्षी मरतात असा 2014 चा अंदाज आहे. म्हणून फीडर एकतर काचेपासून मीटरभराच्या आत ठेवायचा, म्हणजे दचकून उडाला तरी जोरात आपटण्याइतका वेग येत नाही, नाहीतर दहा मीटरच्या पलीकडे. तीन-चार मीटरवर ठेवणं सगळ्यात वाईट, आणि गंमत म्हणजे बहुतेक जण तिथेच टांगतात. ससाण्याच्या आकाराचं एकच स्टिकर चिकटवून काही होत नाही, ठिपके किंवा रेघा काचेच्या बाहेरच्या बाजूने दर पाच सेंटिमीटरवर लागतात.

दुसरा धोका मांजर. फीडरजवळ झुडूप असावं म्हणजे शिकारी पक्षी आला तर लपता येतं, पण इतकंही खेटून नको की मांजर त्यातच दबा धरून बसेल, दोन-तीन मीटर ठीक. शिक्रा किंवा स्पॅरोहॉक अधूनमधून फीडरवरचा पक्षी उचलणार, ते त्याचं जेवण आहे, त्यावर चिडून उपयोग नाही.

जवळून काय दिसतं

खरी मजा इथे आहे. लांबून पक्ष्याचा रंग दिसतो, जवळून त्याचं काम दिसतं. चिमणी बी उचलून चोचीत आडवी धरते, जिभेने फिरवते, चोचीच्या धारेवर साल चिरते आणि टरफल बाजूने गळून पडतं, हे इतकं झटपट की चोच नुसती थरथरल्यासारखी वाटते. टिटच्या चोचीला ते जमत नाही म्हणून तो एक बी घेऊन फांदीवर पळतो, पायांखाली दाबतो आणि हातोडा मारल्यासारखा ठोकत बसतो. म्हणून चिमण्या, फिंच फीडरवर ठाण मांडून बसतात आणि टिटची मात्र सारखी ये-जा. चिकडी तर बिया नेऊन शेकडो ठिकाणी लपवते आणि नंतर बरोबर शोधून काढते.

पाणी पिताना बघा. बहुतेक पक्षी घोट घेऊन मान वर करतात आणि तो घशात उतरू देतात, कबुतर आणि होले मात्र चोच बुडवून मान खाली ठेवूनच सलग ओढतात. कावळा कडक तुकडा पाण्यात भिजवून खातो. खाऊन झालं की चोच फांदीवर दोन्ही बाजूंनी पुसायची, हे जवळपास सगळेच करतात. नुकतं उडायला लागलेलं पिल्लू आकाराने आईएवढं असतं पण चोचीच्या कोपऱ्यातला पिवळा फुगीर कडा त्याला उघडं पाडतो, आणि समोर दाण्यांचा ढीग असताना ते पंख थरथरवत आईकडेच तोंड वासून मागत राहतं. डोळ्यावरून आडवा सरकणारा तिसरा पापुद्रा दिसायला मात्र नशीब लागतं, किंवा मोबाईलचा स्लो मोशन.

दादागिरीही कळते. कोण आला की कोण उठतो हे थोडे दिवस लिहून ठेवलं तर क्रम स्पष्ट दिसतो, आणि तो फक्त आकारावर नसतो. आवाजांकडेही लक्ष द्यावं, चिकडीच्या हाकेत शेवटी 'डी-डी-डी' असतं आणि धोका जितका मोठा तितके 'डी' जास्त, पण धोका मोठा म्हणजे घुबड मोठं असं नाही, चपळ छोट्या घुबडासाठी ती जास्त 'डी' लावते कारण मोठ्या घुबडाला तिला पकडणं जमत नाही. हे 2005 मध्ये छापून आलेलं संशोधन आहे.

बघणारा दिसला तरी चालतो, हलणारा चालत नाही. खोली अंधारी ठेवायची, खिडकीपासून जरा मागे बसायचं, हात हळू हलवायचे. टक लावून बघणंही त्यांना कळतं. ब्रिटनमधल्या एका प्रयोगात माणूस थाळीकडे बघत असेल तर स्टार्लिंग, म्हणजे साळुंकीच्या कुळातले पक्षी, खायला उशिरा यायचे, नजर दुसरीकडे असेल तर लवकर, डोकं जागचं न हलवता फक्त डोळे वळवले तरी फरक पडायचा. दुर्बीण घ्यायचीच तर आठपटीची, दोन मीटरवर फोकस होणारी बघून घ्यावी, नाहीतर पक्षी जवळ येतो आणि दुर्बिणीत सगळं धूसर.

आजार

हा भाग कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात गरजेचाही. रानात कधी इतक्या दाटीने न जेवणारे पक्षी आपण एका ताटावर आणतो, मग लाळ, विष्ठा, दाणे सगळं एकत्र. ट्रायकोमोनोसिस हा कबुतरांमधला जुना रोग 2005 च्या सुमारास ब्रिटनमध्ये फिंच पक्ष्यांत शिरला आणि काही वर्षांतच तिथले ग्रीनफिंच साधारण 35 टक्क्यांनी घटले. आरएसपीबी या तिथल्या मोठ्या पक्षीसंस्थेने तर जानेवारी 2025 मध्ये सपाट तबकाच्या फीडरची विक्रीच थांबवली. अमेरिकेत 1994 पासून हाउस फिंचमध्ये डोळे सुजवणारा मायकोप्लाझ्मा हा जीवाणू पसरला, त्यातही फीडरचा हात होताच.

म्हणून आठवड्याला एकदा फीडर गरम पाण्याने घासायचा, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात दहा मिनिटं बुडवायचा, धुवायचा, पूर्ण सुकवायचा आणि मगच भरायचा. एका दिवसात संपेल एवढंच खाणं ठेवायचं. पिसं फुगवून सुस्त बसलेला, गिळायला त्रास होणारा पक्षी दिसला तर किमान दोन आठवडे सगळं बंद, म्हणजे गर्दी पांगते. वाईट वाटतं, पण पहिल्या मुद्द्याप्रमाणे त्यांचं काही अडत नाही. घरी कोंबड्या असतील तर बर्ड फ्लूमुळे हा छंद न केलेलाच बरा.

कबुतरांचा विषय वेगळा. मुठीने दाणे ओतले की बाकी सगळे हटतात आणि फक्त कबुतरं उरतात, विष्ठेचा थर साचतो, आणि त्या धुळीत सतत राहणाऱ्याला फुप्फुसांचा ॲलर्जीचा कायमचा आजार जडू शकतो. लंडनच्या ट्रफाल्गर चौकात 2003 मध्ये आणि व्हेनिसच्या सेंट मार्क चौकात 2008 मध्ये कबुतरांना दाणे टाकायला बंदी आली ती उगाच नाही. लहान पक्षीच मावतील असा जाळीचा फीडर, जमिनीवर सांडलेलं रोज झाडणं आणि शेजाऱ्यांशी आधी बोलून घेणं, एवढ्याने निम्मी भांडणं टळतात.

पक्षी बदलतात का

बदलतात. मध्य युरोपातले ब्लॅककॅप नावाचे छोटे पक्षी हिवाळ्यात दक्षिणेला जायचे, 1960 च्या दशकापासून त्यातले काही ब्रिटनकडे वळायला लागले कारण तिथे बागांमध्ये खाणं मिळतं, आणि ही दिशा पिल्लांमध्ये आनुवंशिक उतरते. ग्रेट टिटची चोच नेदरलँड्सपेक्षा ब्रिटनमध्ये लांब आहे, लांब चोचीचं जनुक असलेले पक्षी फीडरवर जास्त येतात असं 2017 मध्ये दिसलं, कारण फीडरच असेल असा संशोधकांचा कयास आहे.

नोंदी

खिडकीतल्या नोंदी फुकट जात नाहीत. ब्रिटनची बिग गार्डन बर्डवॉच ही बागेतले पक्षी मोजायची मोहीम 1979 पासून चालू आहे, कॅनडात 1976 मध्ये ओंटारियोपुरत्या सुरू झालेल्या फीडर पाहणीतून पुढे प्रोजेक्ट फीडरवॉच झाला, आणि ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट 1998 मध्ये सुरू होऊन 2013 पासून जगभर चालतो, त्यात पंधरा मिनिटं बसून मोजलं तरी पुरतं. मोजायची पद्धत एकच लक्षात ठेवायची, एका वेळी एकत्र दिसलेले जास्तीत जास्त पक्षी लिहायचे, कारण तोच बुलबुल दिवसभरात वीस वेळा आला तर ते वीस बुलबुल होत नाहीत. आजकाल कॅमेरावाले फीडर पक्ष्याचं नाव स्वतःच सांगतात आणि मोबाईलवर फोटो पाठवतात, सोयीचं आहे, पण नाव बऱ्याचदा चुकतं, त्यामुळे नोंद पाठवण्याआधी फोटो स्वतः बघून घ्यावा.