मेल दोन्हीकडे येतात, मग कॅलेंडर का येत नाही?

नमस्कार. "पीसीवर मीटिंग टाकलीये पण मोबाईलवर दिसतच नाहीये," हा फोन आमच्याकडे इतक्यांदा येतो की म्हटलं एकदा लिहूनच द्यावं.

मेल सिंक झाले म्हणजे कॅलेंडरपण झालं असं नसतं. आयमॅप फक्त मेलची ने-आण करतं, कॅलेंडरचा त्याच्याशी संबंध नाही, त्यासाठी कॅलडॅव ही वेगळी पद्धत आहे, 2007 पासूनची, गूगल आणि आयक्लाउड दोघांकडे चालते. दिंडोरीच्या एका द्राक्षवाल्या कस्टमरने कंटेनर लोडिंगच्या सगळ्या तारखा ऑफिसच्या आउटलुकमध्ये टाकल्या, बागेत उभं राहून मोबाईल उघडला तर कोरा. कॅलेंडरच्या नावापुढे 'धिस कॉम्प्युटर ओन्ली' लिहिलेलं होतं, कोण वाचतं ते! तिथे टाकलेलं त्याच पीसीत राहतं, हार्डडिस्क गेली की तारखाही गेल्या.

म्हणून आमचं ऐका, खरं कॅलेंडर एकच ठेवा आणि ते गूगलवर नाहीतर आयक्लाउडवर ठेवा, पीसी आणि मोबाईल दोघांनी तिथूनच वाचायचं आणि तिथेच लिहायचं.

पीसीवर थंडरबर्ड (मेलचं फुकट सॉफ्टवेअर) असेल तर सोपंय. 78 व्हर्जनपासून (2020) कॅलेंडर आतच येतं, लायटनिंग नावाचं कॅलेंडरचं जोड-सॉफ्टवेअर वेगळं टाकावं लागत नाही. न्यू कॅलेंडर, मग 'ऑन द नेटवर्क', जीमेल आयडी टाका, गूगलची लॉगिन विंडो येईल, झालं. फक्त ते दर 30 मिनिटांनी ताजं होतं, घाई असेल तर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 5 मिनिटं करा. जुन्या आउटलुकला मात्र कॅलडॅव कळतच नाही, त्याला 'आउटलुक कॅलडॅव सिंक्रोनायझर' नावाचं फुकट अ‍ॅड-इन लागतं, आणि नव्या आउटलुकमध्ये ते चालत नाही, त्यामुळे अपडेट करायच्या आधी एकदा विचारा.

आयसीएस फाईल (कॅलेंडरच्या नोंदींची फाईल) इम्पोर्ट करणं म्हणजे सिंक नव्हे, ती झेरॉक्स झाली. मूळ तारीख बदलली तरी झेरॉक्सवर जुनीच राहणार.

मोबाईलवर अँड्रॉइडमध्ये गूगल अकाउंटच्या सिंकमध्ये कॅलेंडरचं बटण चालू आहे ना ते बघा, बॅटरी वाचवायला म्हणून लोक बंद करतात आणि विसरतात. आयफोनवर अकाउंटमध्ये मेलच्या खाली कॅलेंडरचं वेगळं बटण असतं.

आणि टाइमझोन! अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये 11 ची व्हिजिट मोबाईलवर दुपारी 4:30 ला दिसत होती, बिचारे दोन दिवस अ‍ॅप काढून परत टाकत बसले. फरक बरोबर साडेपाच तासांचा दिसला की समजायचं पीसीचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आहे, ते भारताच्या वेळेवर आणा. आधी टाकलेल्या नोंदी मात्र हातानेच सरकवाव्या लागतात.

सगळं झाल्यावर पीसीवर 'टेस्ट' नावाची नोंद टाका, मोबाईलवर आली की तिथून तिची वेळ बदला आणि परत पीसीवर बघा. एकाच बाजूने जात असेल तर ते कॅलेंडर फक्त वाचायला जोडलं गेलंय, काढून परत जोडा.

नाहीच जमलं तर लॅपटॉप आणि मोबाईल दोन्ही घेऊन या, नुसता मोबाईल आणून उपयोग नाही. पासवर्ड आम्हाला सांगू नका, इथे बसून तुमचा तुम्हीच टाका.