नऊ महिन्यांआधीचा एक रक्ताचा नमुना: एनआयपीटीची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये कॉलेज रोड, गंगापूर रोड भागातल्या दवाखान्यांत तिसऱ्या महिन्याच्या सुमारास आता डबल मार्कर (आईच्या रक्ताची तपासणी) आणि एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची जाडी पाहणारी सोनोग्राफी) यांच्या जोडीला ‘एनआयपीटी, म्हणजे नॉन-इन्व्हेसिव्ह प्रीनेटल टेस्ट, करायची का?’ असा प्रश्न येतो. आईच्या हातातून थोडे रक्त घ्यायचे आणि पोटातल्या बाळाच्या गुणसूत्रांत मोठा दोष असण्याची शक्यता किती, ते पाहायचे. पोटात सुई घालावी लागत नाही. हा प्रश्न एका वाक्यात विचारला जातो, पण त्याच्यामागे दोन इतिहास आहेत. त्यातला एक प्रयोगशाळेतला, तर दुसरा आपल्या महाराष्ट्राचा.

डाउन सिंड्रोम या बौद्धिक वाढ मंदावणाऱ्या जन्मजात स्थितीत 21 वे गुणसूत्र दोनऐवजी तीन असते, हे 1959 मध्ये फ्रान्समध्ये दाखवले गेले. 1966 मध्ये गर्भजलातल्या पेशी वाढवून गुणसूत्रे पाहता येऊ लागली. तेव्हापासून पक्के निदान म्हणजे पोटातून सुईने गर्भजल काढून केलेले गर्भजल परीक्षण, आणि त्यात गर्भपाताचा थोडा का होईना, पण धोका असतो. सुईशिवाय बाळाचा डीएनए मिळेल का, या शोधाला 1997 मध्ये हाँगकाँगचे संशोधक डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांमुळे वाट सापडली. तोवर सगळे आईच्या रक्तात बाळाच्या अखंड पेशी शोधत होते. लो यांनी पेशी बाजूला काढून उरलेल्या प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या द्रवात, पाहिले. मुलगा पोटात असलेल्या 30 स्त्रियांपैकी 24 जणींच्या प्लाझ्मात त्यांना फक्त मुलग्यांत असणाऱ्या वाय गुणसूत्राचे तुकडे सापडले. 2008 मध्ये अशा लाखो तुकड्यांचे वाचन करून ते कोणत्या गुणसूत्राचे आहेत हे मोजता आले आणि 2011 पासून चाचणी बाजारात आली.

मुलाचे वाय गुणसूत्र सापडले, हीच या शोधाची पहिली खूण होती. म्हणजे ही चाचणी जन्मली तेव्हापासूनच लिंग सांगू शकते, आणि महाराष्ट्रात ही गोष्ट बाजूला ठेवून पुढे जाता येत नाही.

1970 च्या दशकाच्या मध्यावर देशात गर्भजल परीक्षण आले ते आनुवंशिक दोष शोधण्यासाठी. थोड्याच वर्षांत ते मुलगी ओळखून पाडण्यासाठी वापरले जाऊ लागले. मुलीच्या हुंड्यापेक्षा आजचा तपासणीचा खर्च परवडेल, अशा अर्थाच्या जाहिराती उघडपणे होत. मुंबईतल्या स्त्री-संघटना, डॉक्टर आणि कार्यकर्ते रस्त्यावर उतरले आणि 1988 मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंग तपासणीविरुद्धचा देशातला पहिला प्रतिबंधक कायदा केला. केंद्राचा कायदा 1994 चा. 2003 च्या दुरुस्तीनंतर तो पीसीपीएनडीटी (गर्भधारणापूर्व आणि प्रसूतिपूर्व निदान तंत्र कायदा) म्हणून ओळखला जातो. तरीही राज्यात सहा वर्षांखालच्या मुलांमध्ये हजार मुलग्यांमागे 2001 मध्ये 913 मुली होत्या, त्या 2011 मध्ये 894 वर आल्या. आज एनआयपीटीच्या रिपोर्टवर लिंग लिहीत नाहीत, ते याचमुळे. ‘सांगा ना, कुणाला कळणार आहे?’ असे विचारणारा नातेवाईकही कायद्याने गुन्हा करतो.

याच कायद्यात एक कलम आहे, त्याची चर्चा फार कमी होते. तपासणीआधी स्त्रीला ती नीट समजावून सांगायची, तिला कळणाऱ्या भाषेत तिची लेखी संमती घ्यायची आणि त्याची प्रत तिला द्यायची. संमती तिची, नवऱ्याची किंवा सासूबाईंची नव्हे. रांगेत बसलेल्या बाईपुढे फॉर्म सरकवून ‘इथे सही करा’ म्हणणे ही संमती नव्हे, असे माझे ठाम मत आहे.

समजावून काय सांगायचे? एक तर, हा डीएनए बहुतांशी वारेचा असतो, बाळाचा नव्हे. दोन्ही सहसा सारखे असतात, नेहमी नाही. आणि दुसरे गणिताचे. समजा, हजारात एका बाळाला दोष असण्याची शक्यता असलेल्या तरुण वयाच्या 10 हजार स्त्रियांनी चाचणी केली. खऱ्या दोषाची बाळे 10, ती जवळपास सगळी सापडतील. हजारात एक रिपोर्ट खोटा धरला तर आणखी 10 जणींना ‘हाय रिस्क’ येईल. म्हणजे चाचणी 99 टक्क्यांहून जास्त अचूक असूनही हाय रिस्क आलेल्या वीस जणींपैकी निम्म्यांचे बाळ निरोगी असेल. चाळिशीतल्या आईसाठी हेच प्रमाण बरेच वेगळे येते, कारण मुळातली शक्यता जास्त असते. म्हणून हाय रिस्क आला की पुढे गर्भजल परीक्षण करून खात्री करायची. नुसत्या रिपोर्टवर गर्भपाताचा निर्णय घेऊ नये. ‘लो रिस्क’ आला म्हणून पाचव्या महिन्यातला ॲनोमली स्कॅनही (बाळाच्या अवयवांची सविस्तर सोनोग्राफी) चुकवायचा नाही, कारण हृदयाचे किंवा मणक्याचे दोष ही चाचणी पाहत नाही.

चाचणी दहाव्या आठवड्यानंतर होते. मग रिपोर्टची वाट, मग सोळाव्या आठवड्याच्या आसपास गर्भजल, मग त्याचा निकाल. 1971 च्या गर्भपाताच्या कायद्यात मर्यादा 20 आठवड्यांची होती, त्यामुळे निर्णयाला वेळच उरत नसे. 2008 मध्ये मुंबईच्या एका जोडप्याला बाळाच्या हृदयातल्या दोषामुळे उच्च न्यायालयात जावे लागले आणि परवानगी मिळाली नाही. 2021 च्या दुरुस्तीनंतर, वैद्यकीय मंडळाने गर्भात गंभीर दोष असल्याचे निदान केले तर आठवड्यांची मर्यादा लागू होत नाही. आणि गर्भ ठेवायचा असे ठरवणाऱ्या आईबापांनाही तितकाच वेळ, तितकीच माहिती लागते. डाउन सिंड्रोम असलेले मूल वाढवणाऱ्या पालकांशी त्यांची गाठ घालून देणे हाही समुपदेशनाचाच भाग आहे.

नाशिकसाठी आणखी एक मुद्दा. सुरगाणा, पेठ, कळवण या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो आणि नेहमीच्या एनआयपीटीत तो कळत नाही. इथे आधी आईच्या रक्ताची साधी तपासणी, ती वाहक (स्वतःला आजार नसला तरी त्याचे जनुक असलेली) निघाली तर वडिलांची. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक, आणि मग वारेचा नमुना किंवा गर्भजल तपासून निदान. वारेचा नमुना अकराव्या आठवड्यापासून घेता येतो, म्हणून ही रक्ततपासणी नोंदणीच्या पहिल्याच भेटीत, आणि जमल्यास लग्नाआधीच व्हायला हवी.