घरी, पुण्याला, शाळेत, डॉक्टरकडे

मी घरी जातो. मी पुण्याला जातो. मी शाळेत जातो. मी डॉक्टरकडे जातो. चारही वाक्यांत क्रियापद एकच आहे आणि चारही वाक्यं ‘कुठे?’ या एकाच प्रश्नाचं उत्तर देतात. तरी गंतव्याला लागलेलं शेपूट प्रत्येक वेळी वेगळं. त्यांची अदलाबदल करून पाहिली तर वाक्य मोडतं. ‘डॉक्टरला जातो’ असं कुणी म्हणत नाही, ‘मामात जातो’ तर अशक्यच. मराठी नव्याने शिकणारा इथे हमखास अडतो आणि नियम विचारतो. जन्मापासून मराठी बोलणाऱ्यालाही तो नियम चटकन सांगता येत नाही.

शाळेतला विभक्तीचा तक्ता इथे फारसा कामाला येत नाही. ‘ला’ द्वितीयेत आणि चतुर्थीत सापडतो. ‘घरी’मधला ‘ई’ आणि ‘शाळेत’मधला ‘त’ सप्तमीत आहेत, म्हणजे क्रिया जिथे घडते त्या जागेच्या खात्यात. ‘कडे’ तर विभक्ती नाहीच, ते शब्दयोगी अव्यय. संस्कृतच्या मापाने बेतलेल्या या तक्त्यात एकाच प्रश्नाची उत्तरं तीन ठिकाणी विखुरली गेली. त्यामुळे त्यांच्यातला खरा संबंध दिसेनासा झाला, असं मला वाटतं. तो संबंध गंतव्याच्या जातीत आहे. गावाचं नाव असेल तर ‘ला’. चार भिंतींची किंवा हद्द असलेली जागा असेल तर ‘त’: बाजारात, देवळात, शेतात. अगदी आपली, रोजची जागा असेल तर जुना ‘ई’: घरी, गावी, माहेरी, सासरी. आणि माणूस असेल तर ‘कडे’.

ही वाटणी किती पक्की आहे हे देवांच्या बाबतीत कळतं. ‘आम्ही बालाजीला जाऊन आलो’, ‘खंडोबाला गेलो होतो’ असं आपण सहज म्हणतो. देव व्यक्ती आहे, मग ‘कडे’ का नाही? कारण या वाक्यात बालाजी म्हणजे तिरुपती आणि खंडोबा म्हणजे त्याचं क्षेत्र. ‘ला’ लावला की देवाचं स्थान होतं. ‘खंडोबाकडे गेलो’ म्हटलं तर मात्र गाऱ्हाणं घेऊन गेल्यासारखं वाटतं.

ही मराठीचीच लहर असती तर गोष्ट इथेच संपली असती. पण जागा आणि माणूस यांच्यातला हा भेद जगभर भेटतो, आणि एकमेकींशी काही नातं नसलेल्या भाषांत भेटतो. हिंदीत ‘दिल्ली जाना’ म्हणायला प्रत्ययच लागत नाही, पण डॉक्टर आला की ‘के पास’ हवं. तमिळमध्ये चेन्नईला जायचं तर ‘चेन्नैक्कु’, आणि बोलचालीत डॉक्टरकडे जायचं तर ‘डॉक्टरकिट्ट’. कोरियनमध्ये जागेला ‘ए’ लागतो, माणसाला ‘एगे’ किंवा बोलीत ‘हान्थे’. जपानीत तोक्योला जाताना नुसता ‘नि’ पुरतो, पण तानाका नावाच्या माणसाकडे जायचं तर मध्ये ‘तोकोरो’, म्हणजे ‘ठिकाण’, घालून ‘तानाकाच्या ठिकाणी’ असं म्हणावं लागतं. जर्मनमध्ये बर्लिनला ‘नाख’ आणि डॉक्टरकडे ‘त्सू’. युरोपातल्या बाकी कुठल्याही भाषेशी नातं सिद्ध न झालेल्या बास्कमध्ये डोंगराला ‘रा’ लागतो, पण सजीवाला ‘गाना’.

फ्रेंचचा मासला आपल्या फार जवळचा आहे. तिथे पॅरिसला जाताना ‘आ’, फ्रान्सला ‘आँ’, आणि माणसाकडे जाताना ‘शे’. हा ‘शे’ लॅटिनच्या ‘कासा’पासून आला, म्हणजे मुळात तो ‘घर’ हा शब्दच होता. कोकणीत हेच काम ‘गेर’ करतो: ‘आमगेर यो’ म्हणजे आमच्या घरी ये, ‘मामागेर’ म्हणजे मामाच्या घरी. गोव्यातल्या माणसाला फ्रेंच शिकताना ‘शे’ समजायला वेळ लागू नये.

यामागचं कारण काय असावं? भाषावैज्ञानिक मार्टिन हास्पेलमाथ यांचं म्हणणं असं: जाण्याच्या वाक्यात गंतव्य म्हणून गावाचं नाव येणं अगदी अपेक्षित असतं. ऐकणाऱ्याला ते अर्धं आधीच ठाऊक असतं, म्हणून तिथे छोटी खूण चालते, कधी खूण नसली तरी चालते. माणूस मात्र वाक्यात बहुतेक वेळा करणारा, घेणारा किंवा देणारा म्हणून येतो. तो ‘पोहोचण्याची जागा’ म्हणून आला तर ते अनपेक्षित, म्हणून जास्त मोठी, स्पष्ट खूण लागते. ‘ला’ एका अक्षराचा, ‘कडे’ दोन अक्षरांचं. हिंदीत काहीच नाही विरुद्ध ‘के पास’. कोरियनमध्ये ‘ए’ विरुद्ध ‘एगे’. हा नियम लोखंडी नाही. इंग्रजीत पुणे असो की डॉक्टर, एकच ‘टु’ दोघांना पुरतो. पण कल मात्र स्पष्ट आहे.

त्या इंग्रजीतही एक जागा ‘टु’ला जुमानत नाही: ‘होम’. ‘गो होम’ म्हणताना मध्ये काही लागत नाही. लॅटिनमध्ये ‘दोमुम्’ला असंच उपसर्गाशिवाय जाता येई. रशियनमध्ये घराकडे जाण्यासाठी ‘दामोय’ असा स्वतंत्र शब्दच आहे. फिनिशमध्ये ‘घरी असणं’ सांगणारं ‘कोतोना’ हे रूप आजच्या स्थानदर्शक प्रत्ययांच्या चौकटीत बसत नाही, ते जुन्या काळातून तसंच उरलं आहे. आपला ‘घरी’मधला ‘ई’ही तसाच. नव्या शब्दांना तो लागत नाही. ऑफिस आलं ते ‘ऑफिसात’ किंवा ‘ऑफिसला’ म्हणून आलं, ‘ऑफिसी’ झालं नाही. जे शब्द रोज तोंडात असतात ते जुनं रूप टिकवून धरतात, कारण ते नियम लावून घडवावे लागत नाहीत, अख्खे आठवतात. म्हणूनच घर, गाव, माहेर, सासर यांच्यापाशी मराठीचा जुना थर अजून उघडा आहे.

आता प्रश्न विचारणाऱ्या शब्दाकडेच पाहू. ‘कुठे आहेस?’ आणि ‘कुठे चाललास?’ या दोन्हींत ‘कुठे’ तोच. निघण्याचं ठिकाण विचारताना मात्र ‘कुठून’ लागतं. म्हणजे असणं आणि पोहोचणं यांत मराठी फरक करत नाही, सुटणं मात्र वेगळं काढते. हाही जगभर फार मोठ्या प्रमाणावर दिसणारा नमुना आहे. फ्रेंचमध्ये ‘मी पॅरिसमध्ये आहे’ आणि ‘मी पॅरिसला जातो’ या दोन्हींत ‘आ’च येतो, पण पॅरिसहून येताना ‘द’. याच्या उलट, म्हणजे असणं आणि निघणं एका खुणेत आणि पोहोचणं वेगळं, अशा भाषा विरळा. स्वाहिली तर तिन्ही एकत्र बांधते. ‘न्युम्बानी’ म्हणजे घरी, घराकडे आणि घरातूनसुद्धा. कुठला अर्थ घ्यायचा ते ‘जातो’, ‘आहे’, ‘निघतो’ ही क्रियापदं ठरवतात, आणि ‘वापी’ हा एकच प्रश्नशब्द तिन्ही ठिकाणी चालतो.

जिथे निघण्याची खूण वेगळी असते तिथे ती बहुधा असण्याच्या खुणेवर चढवलेली असते. मराठीत शाळेत, मग शाळेतून. झाडावर, मग झाडावरून. मामाकडे, मग मामाकडून. तमिळमध्ये ‘ऊरिलिरुंदु’ म्हणजे गावातून, पण फोड केली तर ‘गावात-असून’ असं निघतं. पोहोचणं थोडक्यात सांगता येतं, निघण्याला एक मजला जास्त लागतो.

याची मुळं भाषेच्याही आधी, आपल्या लक्ष देण्याच्या सवयीत असावीत असं काही प्रयोग सुचवतात. लॉरा लकुस्टा आणि बार्बरा लँडाऊ यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना आणि मोठ्यांना हालचालीची छोटी दृश्यं दाखवून त्यांचं वर्णन करायला सांगितलं होतं. वस्तू कुठे पोहोचली हे लोक आवर्जून सांगत, कुठून निघाली हे बरेचदा गाळत. 2007 मध्ये टेरी रेगियर आणि मिंग्यू झेंग यांनी अरबी, चिनी आणि इंग्रजी बोलणाऱ्यांवर प्रयोग केले. दोन घटनांच्या शेवटांतला फरक लोकांना त्यांच्या सुरुवातींतल्या फरकापेक्षा नीट ओळखता येतो, असं त्यांना आढळलं. त्याच वर्षी लकुस्टा आणि सहकाऱ्यांनी वर्षभराच्या, अजून वाक्य न बोलणाऱ्या बाळांचंही लक्ष शेवटाकडे जास्त ओढलं जातं असं दाखवलं. मला हे निष्कर्ष फार मोलाचे वाटतात, कारण त्यांच्यामुळे व्याकरणातली एक कोरडी नोंद माणसाच्या नजरेशी जोडली जाते.

अर्थात काही भाषा तिन्ही गोष्टी काटेकोर वेगळ्या ठेवतात. फिनिशमध्ये घरात ‘तालोस्सा’, घरातून ‘तालोस्ता’, घरात शिरताना ‘तालोओन’. ‘आत’साठी असे तीन आणि ‘वर’साठी आणखी तीन. हंगेरियनमध्ये आत, पृष्ठावर आणि जवळ अशा तीन जागांना असणं, पोहोचणं, निघणं यांनी गुणलं की नऊ प्रत्यय होतात. त्यांच्या वापरातही एक विलक्षण गोष्ट आहे. परदेशी शहरांना ‘आत’चा प्रत्यय लागतो, म्हणजे हंगेरियन माणूस लंडनच्या ‘आत’ जातो. पण बुडापेस्ट आणि देशातली बहुतेक शहरं यांच्या मात्र तो ‘वर’ जातो. नियमाला देब्रेत्सेन, ग्यौर असे देशी अपवाद आहेतच. आपल्या माहेरी-सासरीसारखी इथेही आपलं आणि परकं यांची रेघ प्रत्ययात उतरली आहे. दागिस्तानच्या दक्षिणेला आणि अझरबैजानच्या उत्तरेला बोलली जाणारी लेझगी तर 18 विभक्ती बाळगते, त्यांतल्या 14 फक्त जागेसाठी.

गंतव्याच्या जातीवरून विभक्ती बदलते हे पाणिनीच्याही नजरेतून सुटलं नव्हतं. ‘गत्यर्थकर्मणि द्वितीयाचतुर्थ्यौ चेष्टायामनध्वनि’ हे सूत्र सांगतं की गतीच्या क्रियापदांना गंतव्य द्वितीयेत किंवा चतुर्थीत चालतं: ‘ग्रामं गच्छति’ किंवा ‘ग्रामाय गच्छति’. पण दोन अटींवर. शरीराची खरी हालचाल हवी, म्हणून मनाने हरीकडे जाणाऱ्याला फक्त द्वितीया: ‘मनसा हरिं व्रजति’. आणि गंतव्य वाट नसावी, म्हणून ‘पन्थानं गच्छति’. इतक्या थोड्या अक्षरांत गाव, वाट आणि मनाची धाव वेगळी केली आहे. निघण्याच्या ठिकाणाची त्याची व्याख्याही अशीच नेमकी: दूर जाताना जे स्थिर राहतं ते अपादान. मग धावत्या घोड्यावरून पडणाऱ्याचं काय? टीकाकारांनी ‘धावतोऽश्वात्पतति’ हे उदाहरण घेऊन उत्तर दिलं. घोडा धावत असला तरी पडण्याच्या क्रियेपुरता तोच स्थिर बिंदू. गती सापेक्ष आहे हा विचार व्याकरणाच्या चर्चेत असा सहज येऊन जातो.

या खुणा येतात कुठून? बहुतेक वेळा त्या एकेकाळी धडधाकट शब्द असतात. ‘कडे’मध्ये ‘कड’ म्हणजे बाजू अजून दिसते, ‘पर्यंत’मध्ये ‘अंत’ लपलेला आहे. चिनी भाषेत ‘पोहोचणे’ हे क्रियापद ‘ताओ’ आज ‘पर्यंत, कडे’चंही काम करतं. एखादा शब्द प्रत्यय होतानाचा क्षण कागदावर सापडणं दुर्मिळ, पण हंगेरियनच्या वाट्याला ते भाग्य आलं आहे. बालातोन सरोवराच्या काठी तिहान्य इथे राजा पहिला आंद्राश याने मठ स्थापला, त्याचं 1055 सालचं दानपत्र टिकून आहे. दानपत्र लॅटिनमध्ये आहे, पण जमिनीच्या खुणा सांगताना मध्येच हंगेरियन शब्द येतात: ‘फेहेर्वारु रेआ मेनेह होदु उतु रेआ’, म्हणजे ‘फेहेर्वारला जाणाऱ्या लष्करी वाटेवर’. यातला ‘रेआ’ सुटा लिहिला आहे. आज तोच ‘रा’ किंवा ‘रे’ होऊन शब्दाला चिकटतो, आणि आधीच्या शब्दातल्या स्वरांप्रमाणे आपला स्वर बदलतो. बुडापेस्टला जाताना लागतो तो हाच.

पुढे या खुणा जागेपुरत्या राहत नाहीत. ‘मुलं खेळायला गेली’ यातला ‘ला’ पुण्याला जाणाराच आहे. फक्त गंतव्याच्या जागी काम आलं. संस्कृतच्या ‘भोक्तुम्’, ‘गन्तुम्’ या रूपांतही मुळात द्वितीयाच आहे, ‘ग्रामम्’मध्ये असते तीच. लॅटिनमध्ये ‘झोपायला जाणे’ हेही त्याच विभक्तीतून घडतं, आणि इंग्रजीचा ‘टु’ क्रियापदापुढे येऊन बसला तोही याच वाटेने. कामाला जाणं, लग्नाला जाणं, आणायला जाणं: जागा हळूहळू हेतू होते.

आणि इटालियनचा ‘दा’. रोमहून येताना ‘दा’ लागतो, रोमला जाताना ‘आ’. इथवर सगळं रीतसर. पण डॉक्टरकडून येताना ‘वेंगो दाल मेदिको’ आणि डॉक्टरकडे जातानाही ‘वादो दाल मेदिको’. निघण्याची आणि पोहोचण्याची खूण एकच, जी गोष्ट भाषा सहसा टाळतात. गोंधळ होत नाही, कारण ‘येतो’ की ‘जातो’ हे क्रियापद सांगतंच. पण हे शहराच्या बाबतीत घडत नाही, माणसाच्याच बाबतीत घडतं. गंतव्य म्हणून माणूस आला की इटालियनही नेहमीचा ‘आ’ बाजूला ठेवते, जशी मराठी ‘ला’ बाजूला ठेवते.